गुडपाश्चर (अँटी-जीबीएम) : फुप्फुस आणि किडनी एकदम. कुणाला अनुभव आहे का?

रंकाळ्याची_सई

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाते. आज वेगळ्या कामासाठी धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २७. उद्यमनगरात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात स्प्रे मारतो. दिवाळीनंतर खोकला लागला. आम्ही म्हटलं, थिनरचा वास, सिगारेटी, वर थंडी. मग एका सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं. एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढरे ढग. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी "टीबीच असणार" म्हणून गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते, घाबरू नका, असं आधीच सांगून ठेवलेलं. त्यामुळे रंग बदलला तेव्हा आम्ही खरंच घाबरलो नाही. एकदा तो म्हणाला होता, "ताई, केशरी नाही गं, कोऱ्या चहासारखी होतीय." मी म्हटलं, पाणी जास्त पी.

एकोणिसाव्या दिवशी पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या. क्रिएटिनिन (किडनीचं काम मोजणारी रक्ततपासणी) ९.४, हिमोग्लोबिन ६.८. दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथे रक्तात अँटी-जीबीएम (किडनी-फुप्फुसाच्या अस्तरावर उलटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज) पॉझिटिव्ह आलं, म्हणजे गुडपाश्चरचा आजार. मग किडनीची बायोप्सी. डॉक्टर म्हणाले, "जवळजवळ सगळ्या गाळण्यांमध्ये चंद्रकोरी दिसतायत." आईला वाटलं, काहीतरी चांगलं सांगतायत. ती हात जोडून "बरं झालं" म्हणाली.

सध्या स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू आहे, प्लाझ्मा (रक्तातला पिवळा द्रव, त्यातच ती प्रतिपिंडं असतात) बदलायच्या ११ खेपा झाल्या. खोकल्यातलं रक्त थांबलं. डायलिसिस मात्र आठवड्यातून तीनदा चालूच आहे. इथे कुणाच्या माहितीत डायलिसिसवरून परत आलेली किडनी आहे का? आई किडनी द्यायला तयार आहे, पण हा रोग नवी किडनीही खाईल का? आणि वडील रोज संध्याकाळी केस करायची भाषा करतात, त्यावरही बोला.

अर्धा_चहा

सई, वाचून सुन्न झालो. अनुभव नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

(कोऱ्या चहाचं वाचल्यावर आयडी बदलून मिळतो का, असं प्रशासकांना विचारणार होतो. माफ कर, मला गंभीर राहता येत नाही.)

रंकाळ्याची_सई

@अर्धा_चहा, भावाला वाचून दाखवलं. दोन महिन्यांनी हसला. आयडी बदलू नका.

खडूस_काका

पाश्चर म्हणजे तो दूध तापवणारा ना? त्याच्या नावाचा रोगही आहे?

मेलबर्नचा_बंड्या

काका, तो लुई पाश्चर, फ्रान्सचा. हा अर्नेस्ट गुडपाश्चर, अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट. १९१९ मध्ये, फ्लूची ती मोठी साथ चालू असताना, त्याने १८ वर्षांच्या एका मुलाचं शवविच्छेदन नोंदवलं. फुप्फुसांत रक्तस्राव आणि किडनीला सूज, दोन्ही एकदम. त्याला वाटलं हा फ्लूचाच प्रताप. त्या मुलाला आज ज्याला आपण गुडपाश्चर म्हणतो तोच आजार होता का, यावर डॉक्टरांमध्ये वाद आहे. रोगाला त्याचं नाव दिलं ते १९५८ मध्ये, आणि दिलं आमच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी. (आमच्या म्हणजे, बारा वर्षं कर भरतोय, एवढं म्हणू शकतो.)

गुडपाश्चरचं खरं मोठं काम वेगळंच आहे. कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवायची पद्धत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये बसवली. फ्लूच्या बहुतेक लशी आजही अंड्यातच वाढवतात.

रंकाळ्याची_सई

कमाल आहे. भावाच्या डिस्चार्जच्या कागदावर "दरवर्षी फ्लूची लस घेणे" असं लिहिलंय. म्हणजे रोगही त्याच्या नावाचा आणि लसही त्याच्याच पद्धतीची!

निसर्गमित्र_५६

ताई, मुळात प्रतिकारशक्ती कमी झाली की असे रोग शिरतात. किडनी परत येऊ शकते. गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ सुरू करा, स्टिरॉइड हळूहळू बंद करा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांचा नंबर देतो : ...

प्रशासक

वरील प्रतिसादातला नंबर काढला आहे. धोरण वाचावे.

नकटी_पण_हट्टी

@निसर्गमित्र_५६, जरा थांबा. इथे प्रतिकारशक्ती कमी नाही, उधळलेली आहे. बैल शेतात घुसलाय आणि तुम्ही त्याला पेंड खाऊ घाला म्हणताय. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा जणांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, वाद झाला, ते असो. पण अंगातली संरक्षण यंत्रणाच ज्याला खातेय त्याला "इम्युनिटी बूस्टर" देऊ नये, एवढं कळायला मंत्रालय लागत नाही. आणि स्टिरॉइड डॉक्टरांना न विचारता कमी करायला सांगणं म्हणजे थेट जिवाशी खेळ आहे.

सई, आता माझं. मला याचा चुलतभाऊ आहे : जीपीए, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. पूर्वी याला वेगनरचा आजार म्हणायचे. त्या डॉक्टरांचे नाझी संबंध बाहेर आल्यावर २०११ मध्ये नाव बदललं. माझी सुरुवात सर्दीने झाली. वर्षभर सायनस, नाकातून खपल्या, कानांना दडे बसलेले. मग फुप्फुसात पोकळ्या दिसल्या आणि अर्थातच टीबी! चार महिने त्या गोळ्या खाल्ल्या. तोपर्यंत नाकाचं हाड बसलं, म्हणून हा आयडी. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली. त्यात रक्तपेशी आणि प्रथिनं, दोन्ही निघालं. पुढे एएनसीए (दुसऱ्या एका जातीच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. रिटुक्सिमॅब घेतलं, किडनी वाचली, नाक गेलं. सौदा वाईट नव्हता.

फरक लक्षात घे. माझा आजार उलटतो, दोनदा उलटलाय. तुझ्या भावाचा सहसा उलटत नाही. तुमच्याकडे दरोडा पडला, माझ्याकडे पोटभाडेकरू राहतोय. फक्त एक विचारून ठेव : त्याची एएनसीए केली होती का? अँटी-जीबीएमवाल्यांपैकी बऱ्याच जणांत, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, तीही पॉझिटिव्ह सापडते. मग उलटण्याची भीती राहते आणि औषधं जास्त काळ चालवावी लागतात.

रंकाळ्याची_सई

फाइल काढून बघितली. एएनसीए दोन्ही निगेटिव्ह. हे चांगलं, हेच आज पहिल्यांदा कळलं.

तालुक्याचा_डॉक्टर

मी छोट्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. केसबद्दल विचारलंत म्हणून लिहितो, शिव्या खायची तयारी ठेवून.

खोकल्यातून रक्त, दोन्ही फुप्फुसांत डाग, सत्तावीस वर्षांचा मुलगा. माझ्या डोक्यातही आधी टीबीच आला असता. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. गुडपाश्चर दहा लाखांत वर्षाला एखादा. वीस वर्षांत मी एकही पाहिलेला नाही. किंवा पाहिला आणि ओळखला नाही, हेही खरं असेल.

खडूस_काका

दहा लाखांत एक म्हणून सुटका? ज्याच्या घरात तो एक आहे त्याला हा हिशेब सांगा.

तालुक्याचा_डॉक्टर

काका, सुटका मागत नाहीये. टीबीचा संशय घेणं चूक नव्हतं. बेडक्यात जंतू नाहीत, तरी तपासणी तिथेच थांबवणं हे चुकलं. खोकल्यातून रक्त पडणाऱ्या प्रत्येकाची लघवी तपासायला हवी, तीही गोळ्या सुरू करण्याआधी. रिफाम्पिसिन (टीबीच्या गोळ्यांतलं एक औषध) सुरू झालं की लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळंच केशरी होतं आणि मग रंगावरून काही कळत नाही. पण तो केशरी रंग पारदर्शक असतो, सरबतासारखा. किडनीतून येणारं रक्त गढूळ, तपकिरी दिसतं, प्रथिनं जात असतील तर वर फेसही राहतो. भावाचं निरीक्षण अचूक होतं. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला असता तर लाल पेशी दिसल्या असत्या. कुठल्याही लॅबमधली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे ही.

दुसरी खूण हिमोग्लोबिनची. थुंकीतून चमचाभर रक्त आणि हिमोग्लोबिन मात्र धाडकन खाली, असं झालं की रक्त फुप्फुसांच्या आतच साचतंय असं समजायचं.

हा धागा वाचल्यापासून माझ्या टेबलावर लघवीच्या बाटल्या वाढल्या आहेत. कंपाउंडर वैतागलाय.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट. रोज काचेखाली हेच बघते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या. कडू आहे.

किडनीतल्या गाळणीला आणि फुप्फुसातल्या वायुकोशांना एक पातळ अस्तर असतं. दोन्ही अस्तरांच्या विणीत कोलॅजनचा एक खास धागा वापरलेला आहे. तो आत दडलेला असतो, एरवी संरक्षण यंत्रणेच्या नजरेस पडत नाही. काही जणांत तो उघडा पडतो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. प्रतिपिंडंच गुन्हेगार आहेत हे १९६७ मध्ये सिद्ध झालं : रुग्णांच्या किडनीतून काढलेली प्रतिपिंडं माकडांना टोचली, माकडांच्या किडन्या तशाच सुजल्या.

बायोप्सीवर चमकणारा रंग चढवून अंधाऱ्या खोलीत बघायचं असतं. ल्युपसमध्ये (हाही संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटण्याचा आजार) हिरवे ठिपके दिसतात, रांगोळी सांडल्यासारखे. यात अखंड हिरवी रेघ दिसते, मेंदीच्या कोनाने सावकाश ओढलेली. इतकं सुंदर चित्र आणि इतका दुष्ट अर्थ, असं दुसरं उदाहरण माझ्या कामात नाही. तुमच्या डॉक्टरांच्या चंद्रकोरी म्हणजे गाळणी फाटल्यावर बाहेर जमलेल्या पेशींचा थर. तो आतल्या केशवाहिन्यांच्या गुंत्याला दाबून टाकतो.

आता आकडे. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलने २५ वर्षांतल्या ७१ रुग्णांचा हिशेब २००१ मध्ये मांडला. उपचार सुरू होताना क्रिएटिनिन ५.७ च्या खाली असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांची किडनी वर्षानंतर चालू होती. जे आले तेव्हाच डायलिसिस लागत होतं, त्यांच्यात ८ टक्के. तुमचा भाऊ दुसऱ्या गटात आहे आणि वर जवळजवळ सगळीकडे चंद्रकोरी. आशा धरू नका असं म्हणणार नाही, पण पुढच्या आयुष्याची आखणी त्या आशेवर करू नका. प्लाझ्मा बदलला नसता तर फुप्फुसं गेली असती. तो खर्च वाया गेला असं घरात कुणी म्हणत असेल तर हे वाचून दाखवा.

रंकाळ्याची_सई

म्हणतात ना. आमचे सख्खे काका म्हणतात. आज वाचून दाखवते.

प्लाझ्माचं सांगायचं राहिलंच. प्रत्येक खेपेला तीन-चार लिटर काढायचे आणि तेवढेच घालायचे. बायोप्सीनंतरचे दिवस आणि फुप्फुसातून रक्त येत असताना रक्तपेढीतला प्लाझ्मा लागायचा. आमच्या पेठेतल्या तालमीची पोरं रांगेनं आली. एकजण सुई बघून आडवा झाला, नव्वद किलोचा गडी. भावाच्या बोटांना मुंग्या यायच्या, ओठ बधिर व्हायचे, मग सिस्टर कॅल्शियम द्यायच्या. मशीनच्या पिशवीत साचणारा पिवळा प्लाझ्मा बघून तो म्हणाला, "ताई, हा तर आपल्या टॅक्सीचा पिवळा शेड."

पिंपळपान

थोडं अवघड बोलते. सायक्लोफॉस्फामाइडमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. माझ्या नवऱ्याला ल्युपस आहे (हो, पुरुषांनाही होतो), त्याला ते सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवायला सांगितलं होतं. भाऊ अविवाहित आहे का?

रंकाळ्याची_सई

अविवाहित. कुणी बोललं नाही. त्या वेळी श्वास चालू राहतो की नाही इतकंच चाललं होतं. आता पाच आठवडे झालेत औषधाला.

काचपट्टी

जीव जात असताना ते राहून जातं, दोष कुणाला देणार. धोका औषधाच्या एकूण मात्रेवर असतो आणि या आजारात ते साधारण दोन-तीन महिनेच देतात, वर्षानुवर्षं नाही. पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा. भावाला एकट्याला विचारू द्या, आईसमोर तो तोंड उघडणार नाही.

निसर्गमित्र_५६

सिगारेटचा विषय कुणीच काढत नाही. सगळा दोष डॉक्टरांवर.

नकटी_पण_हट्टी

घ्या, यावर मात्र मी तुमच्या बाजूने! १९८३ चा एक अभ्यास आहे. या आजाराच्या ४७ रुग्णांपैकी ३७ जण सिगारेट ओढणारे होते, त्या सगळ्यांच्या फुप्फुसांतून रक्त आलं होतं. न ओढणाऱ्या दहांपैकी फक्त दोघांच्या. सॉल्व्हंटच्या वाफांवरही डॉक्टरांचा संशय आहेच. सई, त्याचं काम थिनरचं ना?

रंकाळ्याची_सई

हो. कापडी रुमाल बांधून स्प्रे मारायचा. मालकाने मास्क आणून दिलेले, ते पाकिटातच पडलेत. सिगारेट सुटली, पण काम सुटायचं म्हटलं की गप्प बसतो. मेटॅलिक रंग जुळवणारा त्याच्यासारखा हात उद्यमनगरात नाही, हे मी बहीण म्हणून सांगत नाही.

सोमबुधशुक्र

उशिरा आलो, कारण आज बुधवार. सहा वर्षं डायलिसिसवर आहे, आयडी त्यावरूनच. माझा रोग वेगळा (बीपीने किडन्या गेल्या), पण खुर्ची तीच.

ताई, आधी फिस्टुलाचं बघा (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडतात ते). मानेतली नळी जितकी लवकर निघेल तितकी बरी, तिच्यातून जंतुसंसर्ग होतो, आणि त्याची प्रतिकारशक्ती आत्ता औषधांनी झोपवलेली आहे. ज्या हातात फिस्टुला करायचा त्या हाताला सुई टोचू देऊ नका, बीपी मोजू देऊ नका. तो नीट झाला की मनगटाशी बोट ठेवल्यावर खर्रर्र लागतं, मांजर घुरघुरल्यासारखं. मी रोज सकाळी उठल्यावर आधी तेच तपासतो, मग देवाला नमस्कार.

पाणी मोजून. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. नारळपाणी बंद, केळी बंद. कोल्हापूरकर आहात म्हणून मुद्दाम सांगतो, पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं आणि तांबड्यात मीठ. दोन्ही वाट्या दुरून बघायच्या.

महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, कागदपत्रं केली नसतील तर लगेच करा.

अर्धा_चहा

पांढरा रस्सा बंद? कोल्हापुरात यालाच जन्मठेप म्हणत असावेत.

खडूस_काका

मूळ प्रश्न राहिला. आईने किडनी द्यावी का?

काचपट्टी

रक्तातली अँटी-जीबीएम प्रतिपिंडं पूर्ण नाहीशी व्हायला हवीत आणि त्यानंतर निदान सहा महिने तशीच नाहीशी राहायला हवीत. तेवढं थांबून प्रत्यारोपण केलं तर नव्या किडनीत हा रोग परतणं दुर्मीळ आहे. घाईने, प्रतिपिंडं असताना केलं तर आईची किडनीही जाऊ शकते. म्हणजे उत्तर "द्यावी, पण आत्ता नाही" असं आहे. तेवढ्यात आईच्या तपासण्या होतील.

सोमबुधशुक्र

आणि आईचं जुळलं नाही तर? म्हणून पुण्याच्या झेडटीसीसीत (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) मेंदूमृत दात्याच्या यादीचीही चौकशी करून ठेवा, नोंदणी दवाखान्यामार्फत होते. मी चार वर्षं यादीत आहे. रात्री फोन वाजला की बायको उठून बसते, बहुतेक वेळा चुकीचा नंबर असतो.

तालुक्याचा_डॉक्टर

वडिलांना एक सांगा. केस करायची की नाही तो त्यांचा निर्णय, पण त्याआधी पहिल्या डॉक्टरांकडे जाऊन बायोप्सीचा रिपोर्ट समोर ठेवा. भांडायला नको, नुसता ठेवा. आमच्याकडे रुग्ण दुसरीकडे गेला की पुढे काय झालं हे आम्हाला कधीच कळत नाही. कळलं नाही तर पुढच्यालाही आम्ही तेच करणार.

रंकाळ्याची_सई

(सात आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. मधे दोनदा ताप, एकदा फिस्टुला बंद पडून परत करावा लागला. आता खर्रर्र लागतंय. मीही रोज बोट ठेवते.

अँटी-जीबीएम पहिल्यांदा निगेटिव्ह आलं. घड्याळ आजपासून, म्हणजे सहा महिने धरले तर गणपतीनंतर. आईचं बीपी जरा वर होतं म्हणून ती रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारते, मिठाचा डबा तिने स्वतःच फडताळात वर ठेवलाय. किडनी परत आलेली नाही. लघवी दिवसाला अर्धा कप होते, रंग साधा.

वडील रिपोर्ट घेऊन गेले होते. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, झेरॉक्स मागून घेतली. वडील घरी आले आणि जेवायला बसले. केसचं त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढचं माहीत नाही.

भाऊ गॅरेजात जाऊन बसतो तासभर, बाहेरच्या बाजूला. स्प्रेला हात लावत नाही, पोरांना रंग जुळवून देतो.

@सोमबुधशुक्र, एक अर्जंट प्रश्न. घरात देवगडची पेटी आलीय. किती चालेल?

सोमबुधशुक्र

पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञांना विचारा. मला एक फोड मिळते, तीही डायलिसिसच्या दिवशी. कोय बायको चोखते, माझ्यासमोर.